कलकत्त्याची शेतकी-बागायत सभा, १८२०: मराठीचा कोशकार, भाजीवाले माळी आणि फसलेला कापूस

पाणकणीस

मंडळी, मागे एका धाग्यावर विषय निघाला होता की आपल्याकडे शेतीसुधारणेची सुरुवात कधी झाली. कुणी पुण्याचं कृषी महाविद्यालय सांगितलं, कुणी १८७१ साली लॉर्ड मेयोच्या काळात निघालेलं सरकारी शेतकी खातं. पण त्या खात्याच्या पन्नास वर्षं आधी कलकत्त्यात एक सभा उभी राहिली होती. ती काढणाऱ्या माणसानं आपल्या मराठीचं व्याकरण आणि कोश छापला होता. तो माणूस म्हणजे विल्यम कॅरी. बऱ्याच दिवसांपासून या सभेवर सविस्तर लिहायचं होतं, ते आज लिहितोय.

कॅरी १७६१ साली इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका खेड्यात जन्मला. जोडे शिवण्याचा धंदा शिकला. १७९३ साली मिशनरी म्हणून कलकत्त्याला उतरला. पोटासाठी मालद्याजवळ मदनाबाटी इथल्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून राहिला. तिथली पाच-सहा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. पूर, बुडालेलं पीक, कर्जात रुतलेली कुळं हे त्यानं तिथं रोज पाहिलं. याच काळात तो मायदेशी पत्रं लिहून बी मागवत होता, विळे-कोयते मागवत होता. नंतर दिनाजपूर जिल्ह्यातल्या शेतीवर त्यानं एक निबंध लिहिला, तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. १८२० च्या सभेचं बी मदनाबाटीत पडलं असं माझं स्पष्ट मत आहे.

१८०० साली तो श्रीरामपूरला आला. हुगळीच्या काठावरचं हे गाव तेव्हा डॅनिश लोकांकडे होतं, ईस्ट इंडिया कंपनीकडे नव्हतं. कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून हा आडोसा. तिथं त्यानं पाच-सहा एकरांची बाग केली आणि लिनियस या शास्त्रज्ञानं केलेल्या वनस्पतींच्या वर्गीकरणाप्रमाणे वाफे पाडले. पुढच्याच वर्षी कंपनीच्या नोकरांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात नोकरी लागली. तिथं तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा. नदी ओलांडून कलकत्ता, आठवड्याचे ठरलेले दिवस शिकवणं, परत श्रीरामपूर, आणि पहाटे बागेत. तीस वर्षं हा क्रम चालला.

बागेतली एक गोष्ट सांगतो. इंग्लंडातून एका मित्रानं बियांची पिशवी पाठवली होती. बी काढून घेतल्यावर तळाशी उरलेली माती त्यानं सावलीतल्या एका वाफ्यात झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून डेझीचं रोप वर आलं. इंग्लंडच्या कुरणात पायाखाली तुडवलं जाणारं ते फूल! त्यानं ते बी धरून वर्षानुवर्षं जपलं आणि मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचं भरभरून वर्णन केलं. बी कसं टिकवायचं, दूरच्या प्रवासात काय मरतं आणि काय जगतं, याकडे त्याचं लक्ष किती बारीक होतं हे यातून कळतं.

आता सभेकडे येतो. १५ एप्रिल १८२० रोजी कॅरीनं श्रीरामपूरच्या मिशन हाऊसमधून एक जाहीर पत्रक काढलं. पडीक जमीन लागवडीखाली आणणं, पाण्याचा निचरा, बांधबंदिस्ती, खत, पिकांची फेरपालट, चांगली अवजारं, गुरांची पैदास, फळझाडं असा मोठा आवाका त्यात होता. १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये पहिली सभा भरली. माणसं अगदी थोडी जमली. तरी संस्था स्थापन झाली आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज तिचे आश्रयदाते झाले. १८२४ साली कॅरी स्वतः अध्यक्ष झाला.

त्या पत्रकातला एक मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅरीनं साफ लिहिलं होतं की हिंदी, म्हणजे भारतीय, गृहस्थांना सभासद होता आलं पाहिजे, आणि नुसतं सभासद नाही, युरोपियनांच्या बरोबरीनं पदाधिकारीही होता आलं पाहिजे. कारणही सरळ दिलं होतं: सुधारणा व्हायची आहे ती त्यांच्या जमिनींची आणि त्या जमिनींवर राहणाऱ्या कुळांची. साल पाहा, १८२०. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत तेव्हा एकही हिंदी सभासद नव्हता, तो दरवाजा १८२९ साली उघडला. इथं मात्र राधाकांत देव उपाध्यक्षपदापर्यंत गेले, द्वारकानाथ ठाकूर आणि रामकमल सेन कामात होते.

काळाचा अंदाज यावा म्हणून: स्कॉटलंडात अशी सभा १७२३ साली निघाली, डब्लिनला १७३१ साली. पण इंग्लंडची प्रसिद्ध रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटी निघाली १८३८ साली, म्हणजे कलकत्त्यानंतर अठरा वर्षांनी.

सभेनं केलं काय? श्रीरामपूरच्या समोर, नदीपलीकडे टिटागढला प्रयोगाची बाग केली. केप ऑफ गुड होपहून, अमेरिकेतून, विलायतेतून भाजीपाल्याचं, कापसाचं, तंबाखूचं बी मागवून वाटलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून छापली. आणि टाऊन हॉलमध्ये भाज्यांची प्रदर्शनं भरवून कलकत्त्याच्या आसपासच्या माळ्यांना रोख बक्षिसं दिली. कोबी, फ्लॉवर, वाटाणा, बटाटा ज्याचा उत्तम, त्याला पैसे. साहेबांच्या आणि बाबूंच्या सभागृहात गावचा माळी टोपली घेऊन येतोय आणि तिथं त्याच्या मालाची पारख होतेय, हे त्या काळात नवीन होतं.

कापसात मात्र सभा हरली. कलकत्त्याच्या खालच्या अंगाला, हुगळीकाठी आकडा नावाच्या ठिकाणी १८३० च्या सुमारास सरकारी पैशानं मोठं शेत घेतलं. अमेरिकन कापूस तिथं लावायचा होता. नदीकाठची ओली जमीन, बंगालचा पाऊस आणि कोरड्या बोंडाची अपेक्षा. थोड्याच वर्षांत ते शेत बंद करावं लागलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या सभेचा इतिहास सांगताना लोक पदकं, पुतळे आणि कापूस-चहाच सांगतात. तिचं टिकलेलं काम माळ्यांच्या हातून झालं. जिथं बी थेट लावणाऱ्याच्या हातात गेलं तिथं ते रुजलं. जिथं सभेनं स्वतः शेत केलं किंवा जमीनदाराच्या भरवशावर राहिली, तिथं फारसं काही उरलं नाही. या सभेत कुळाला खुर्ची नव्हती. कॅरीचं पत्रक जमीनदारापर्यंत येऊन थांबलं.

तुमच्याकडे भर असेल तर जरूर लिहा. मुंबईच्या अशाच सभेबद्दल कुणाला माहिती असेल तर हवीच आहे.

---

मोडीवाचक

उत्तम धागा. मराठीच्या बाजूनं भर घालतो.

कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ सालचं आणि कोश १८१० सालचा. व्याकरणात मराठी मजकूर देवनागरीत आहे, कोशात मोडीत. मोडीचे खिळे पाडून छापण्याचं काम श्रीरामपुरात झालं. या सगळ्यामागे पंडित वैजनाथशास्त्री होते, नागपूरकडचे. श्रीरामपुरात मराठीला जो आधार मिळाला तो त्यांच्यामुळे, आणि त्यांचं नाव कॅरीच्या नावासोबत घेतलं गेलं पाहिजे.

दुसरं म्हणजे लॉर्ड हेस्टिंग्ज. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरल तो हाच. कॉलेजात मराठी शिकवली जात होती ती कंपनीच्या नोकरांना या मुलखात कारभार करता यावा म्हणून. १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि १८२० ला हाच माणूस शेतीसुधारणेच्या सभेचा आश्रयदाता झाला. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच वाचायला हव्यात.

---

तिसरा_घाट

पाणकणीस, मेहनत घेऊन लिहिलंय, पण मला तुमचा सूर जरा जास्तच मऊ वाटतो.

ही सभा कुणासाठी होती? मँचेस्टरला लांब धाग्याचा कापूस हवा होता, म्हणून आकडाचं शेत. चीनच्या चहाची मक्तेदारी सुटली, म्हणून आसामचा चहा. सभासदांमध्ये निळीचे मळेवाले आणि व्यापारी भरपूर. बंगालच्या शेतकऱ्यानं शेकडो वर्षं भाताच्या शेकड्यांनी जाती जपल्या, त्याला शेतीतलं काही कळत नाही असं गृहीत धरूनच हे सगळं सुरू झालं. कॅरी स्वतः निळीच्या कारखान्यावर नोकरीला होता हे तुम्हीच लिहिलंय. निळीनं बंगालच्या कुळांचं काय केलं ते १८५९-६० च्या उठावात सगळ्या जगानं पाहिलं.

आणि धर्मप्रसार हा त्याच्या आयुष्याचा मुख्य हेतू होता, तोही विसरून चालणार नाही.

---

पाणकणीस

तिसरा_घाट, मुद्दे रास्त आहेत आणि पहिले दोन मला मान्यच आहेत. सभेत मळेवाले होते, त्यांचा जोर वाढत गेला, आणि १८३० नंतर तर कापूस, ऊस, चहा हेच विषय पुढे आले. आसामच्या चहाच्या झुडपाचा शोध कुणी लावला या वादात सभेनं चार्लटन आणि जेंकिन्स या दोघा अधिकाऱ्यांना पदकं दिली. सरकारनं १८३४ साली नेमलेल्या चहा समितीतही सभेतली माणसं होती.

पण एक फरक करायला हवा. शेतकऱ्याला काही कळत नाही असं म्हणणारे बरेच होते. कॅरीचा रोख दुसरीकडे होता: जमीन चांगली, माणूस कष्टाळू, तरी उत्पन्न तुटपुंजं का? त्यात त्याला अवजारं आणि बी जितकं दिसलं तितकं कुळाचं कर्ज आणि जमिनीचा हक्क दिसला नाही, हा मोठा दोष मी मानतो. त्याचं कारण पुढे लिहितो, कारण मला वाटतं सगळ्याची मेख तिथंच आहे.

धर्मप्रसाराबद्दल: तो मिशनरी होताच, ते त्यानं कधी लपवलं नाही. या सभेच्या पत्रकात मात्र तो विषय नाही, आणि राधाकांत देवांसारखे सनातनी गृहस्थ तिच्यात मनापासून काम करत होते. सतीबंदीच्या प्रश्नावर कॅरी आणि राधाकांत देव पूर्ण विरुद्ध टोकांना होते. भाज्यांच्या प्रदर्शनात ते एकत्र बसत.

---

खरीप_रब्बी

मी भाजीपाला बियाण्याच्या क्षेत्रात काम करते. माळ्यांबद्दल पाणकणीस यांनी जे लिहिलंय त्याला फ्लॉवरचा पुरावा देते, कारण तो फार सुंदर आहे.

फ्लॉवर भारतात १८२२ साली आला असं पाठ्यपुस्तकांत असतं. तो आला सहारनपूरच्या कंपनी बागेत, लंडनच्या क्यू गार्डनमधून. आता गंमत बघा. युरोपातल्या फ्लॉवरला गड्डा धरायला थंडी लागते, आणि फुलून बी यायला तर आणखी थंडी. मैदानी प्रदेशात दरवर्षी विलायती बी विकत घेतल्याशिवाय हे पीक चालायलाच नको होतं. शिवाय बोटीच्या चार-पाच महिन्यांच्या दमट प्रवासात बरंच बी मरायचं.

मग झालं काय? उत्तर भारतातल्या आणि बंगाल-बिहारमधल्या माळ्यांनी शेतातली जी थोडी झाडं उन्हातही गड्डा धरायची आणि फुलायची, त्यांचंच बी राखलं. पुढच्या वर्षी त्यातून पुन्हा निवड. अशी शंभरेक वर्षं निवड चालली आणि उष्ण हवेत येणारा भारतीय फ्लॉवर तयार झाला. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा त्याचं मूळ इंग्लंडातल्या कॉर्नवॉलकडच्या वाणांत निघालं. गड्ड्याचा पिवळसर रंग, उग्र वास, लांब दांडा ही तिकडची लक्षणं जुन्या देशी फ्लॉवरमध्ये होती. त्या वाणांची नावं आपल्याच महिन्यांवरून आहेत: कुंवारी, कातकी, अगहनी. म्हणजे आश्विनात, कार्तिकात आणि मार्गशीर्षात काढणीला येणारे.

आज आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी बाजारात जो फ्लॉवर येतो तो या निवडीमुळे येतो. यात एकाही माळ्याचं नाव नोंदलेलं नाही. म्हणून सभा त्यांना बक्षिसं देत होती ही गोष्ट मला लहान वाटत नाही. बक्षिसाच्या निमित्तानं चांगलं बी राखणाऱ्याला भाव मिळायला लागला.

---

गोठणे_बुद्रुक

खरीप_रब्बी ताई, फारच छान माहिती. वाचनखूण साठवली आहे.

बक्षिसांवरून महात्मा फुले आठवले. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्याच्या शेवटच्या भागात जोतीरावांनी सरकारनं काय करावं ते सांगितलंय. त्यात बांधबंदिस्ती, ताली, मेंढ्यांची चांगली पैदास हे आहेच, शिवाय दरवर्षी श्रावणात प्रदर्शनं भरवावीत, आश्विनात पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्यावी आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, अशीही मागणी आहे.

कॅरीच्या सभेची बक्षिसं भाजीच्या मालाला होती. जोतीराव औत हाकणाऱ्याच्या कसबाची परीक्षा घ्या म्हणतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला जे दिसतं ते हे. आणि जोतीरावांची मागणी तिथंच थांबत नाही. सारा, सावकार, कुलकर्णी, कोर्टकचेरी सगळ्याचा हिशेब मांडून मग ते बक्षिसांवर येतात. कलकत्त्याच्या पत्रकात नेमका हाच हिशेब नव्हता.

---

राणीबागवाली

मुंबईची माहिती मागितली होती, ती देते. मी भायखळ्यातच वाढले, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

मुंबईत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० साली निघाली. तिची बाग शिवडीला होती. १८६० च्या दशकात शहरातली जुनी दफनभूमी अपुरी पडली तेव्हा शिवडीची ती जागा ख्रिस्ती कबरस्तानासाठी घेतली गेली. आजही शिवडीच्या कबरस्तानात गेलात तर जुनी, डेरेदार झाडं दिसतात.

त्या आधीच सोसायटीला भायखळ्याला नवी जागा मिळाली होती. तिथं जी बाग उभी राहिली ती १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडली. व्हिक्टोरिया गार्डन, आपली राणीची बाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. म्हणजे प्राणी बघायला आपण जातो ती बाग मुळात या शेतकी-बागायत सभेची. जॉर्ज बर्डवूड यांनी तिच्यासाठी खूप कष्ट घेतले, नाना शंकरशेट सभेच्या कामात पुढे होते, आणि शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी लाड झटले. १८७३ साली बाग महानगरपालिकेकडे आली.

मुंबईच्या बागेत शेती कमी आणि शोभेची, दूरदेशीची झाडं जास्त. उर्वशीचं झाड तिथं बहरलेलं पाहिलंय का कुणी? लाल-पिवळे लोंबते तुरे असलेलं ते ब्रह्मदेशचं झाड. नॅथॅनिएल वॉलिच यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि हे वॉलिच कलकत्त्याच्या कंपनी बागेचे, म्हणजे तिथल्या वनस्पती उद्यानाचे, प्रमुख आणि कॅरीचे सहकारी. बागेतली ही जुनी झाडं वाचवण्यासाठी मुंबईकर नागरिक, त्यात बहुतेक बायका, अनेक वर्षं लढल्या. सार्वजनिक बाग ही अशीच जपावी लागते.

---

आडरान

राणीबागवाली, सुंदर. मुंबई इलाख्यात खऱ्या अर्थानं शेतीचं काम पाहायचं तर दापोडीकडे बघायला हवं. १८२८ साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात दापोडीला सरकारी बाग निघाली. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख होते. जुन्नरकडे हिवऱ्याला औषधी वनस्पतींची बागही त्यांच्याकडे होती, आणि १८४७ साली तेच इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीच्या बागेतल्या झाडांची रंगीत चित्रं एका गोमंतकीय चित्रकारानं काढली होती, ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत.

मूळ विषयाशी जोडलेली एक गोष्ट सह्याद्रीत हिंडणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेली: कुंभा. या झाडाचं शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया. विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या मित्राच्या, म्हणजे कॅरीच्या नावावरून ते ठेवलं. रॉक्सबर्ग हे वॉलिच यांच्या आधीचे कलकत्त्याच्या कंपनी बागेचे प्रमुख. ते मायदेशी गेल्यावर त्यांचं भारतीय वनस्पतींवरचं लिखाण कॅरीनंच श्रीरामपूरच्या छापखान्यात छापून प्रसिद्ध केलं.

कुंभा ओळखायला सोपा. थंडी सरताना पानं लालबुंद होऊन गळतात. मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या टोकाला मोठी फुलं, पांढऱ्या केसरांचा झुबका आणि बुडाशी गुलाबी झाक. रात्री उमलतात आणि उजाडताना झाडाखाली केसरांची कडी पडलेली असतात. फळ हिरवं, गोल, डोक्यावर निदलपुंजाचा मुकुट. सालीचा वाख चिवट असतो, त्याचे दोर वळतात. जुन्या काळी तोड्याच्या बंदुकीचा तोडा, म्हणजे बार पेटवायची वात, हीही याच वाखाची करत, कारण ती न विझता हळूहळू जळत राहते. वाकुंभा म्हणून याची फुलं बाळंतिणीला देतात. किल्ले राखणाऱ्या शिबंदीच्या बंदुका ज्या झाडाच्या सालीवर चालल्या, त्याला मराठीच्या कोशकाराचं नाव आहे, हे मला फार भावतं.

---

हुगळीकाठ

मी गेली अनेक वर्षं कोलकात्यात आहे. धागा वाचून फार आनंद झाला.

सभा अजून चालू आहे! १८७२ च्या सुमारास ती अलिपूरला आली, आणि तिथंच तिची बाग आहे. १९३५ पासून नावाआधी 'रॉयल' लागलं. थंडीत फुलांचं प्रदर्शन भरतं, डेलिया आणि शेवंतीच्या कुंड्या बघायला अख्खं शहर लोटतं. कर्दळीच्या जातींसाठी ही बाग प्रसिद्ध होती, पर्सी-लँकेस्टर घराण्यानं त्या तयार केल्या. शेतीचा भाग मात्र कधीच मागे पडला, आता ती फुलझाडांची संस्था आहे.

अलिपूरच्या आधी सभेचं बिऱ्हाड शहरात मेटकाफ हॉलमध्ये होतं. १८४४ साली पुरी झालेली ती खांबांची भव्य इमारत. खालच्या मजल्यावर शेतकी-बागायत सभा, वरच्या मजल्यावर कलकत्ता पब्लिक लायब्ररी. ती लायब्ररी म्हणजे आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची पूर्वज. सामान्य वाचकाला पुस्तकं आणि लागवड करणाऱ्याला बी, दोन्ही एका छपराखाली मिळण्याची सोय होती.

श्रीरामपूरला कॅरीचं कॉलेज अजून चालतं. बाग मात्र राहिली नाही. १८२३ सालच्या पुरानं ती जवळजवळ पुसून टाकली. त्याच ऑक्टोबरात बोटीतून उतरताना पडून कॅरीला मोठी दुखापत झाली होती. अंथरुणात पडल्या पडल्या त्याला बाग वाहून गेल्याचं कळलं. बासष्ट वर्षांचा माणूस. पुन्हा उठून त्यानं बाग लावली, आणि पुढच्या वर्षी सभेचा अध्यक्ष झाला. ९ जून १८३४ ला तो श्रीरामपुरातच वारला.

---

विहीर_आणि_मोट

सगळेच प्रतिसाद वाचनीय. एक प्रश्न. उसाचा उल्लेख आला, पण तपशील नाही. मॉरिशस ऊस म्हणून जो म्हणत तो याच सभेमुळे आला का?

---

पाणकणीस

विहीर_आणि_मोट, तो जाड, रसाळ ऊस मूळचा ताहितीचा. मॉरिशसहून तो १८२७ साली कॅप्टन स्लीमन घेऊन आला. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेला स्लीमन तो हाच. काही बेणं कलकत्त्याच्या कंपनी बागेत गेलं, काही त्यानं जबलपूरकडे लावलं. बेणं पसरवण्यात सभेचा मोठा हात होता. बंगालमध्ये तो खूप चालला आणि काही दशकांनी रोगानं बसला. एकच वाण सगळीकडे लावलं की काय होतं ते तिथं दिसलं. जिवंत बेणं बोटीतून आणणंही सोपं नव्हतं, खारं वारं लागलं की डोळे मरतात. काचेच्या बंद पेटीत रोपं आणायची युक्ती १८३० नंतर रुळली, मग हे काम बरंच सुकर झालं.

हुगळीकाठ, कॅरीच्या आजारपणाचा प्रसंग तुम्ही आणलात ते बरं केलंत. गोठणे_बुद्रुक, तुमच्या मुद्द्याला धरूनच आता कुळांबद्दल लिहितो.

बंगालात १७९३ साली कायमधारा झाला. जमीनदारानं सरकारला भरायचा सारा कायमचा ठरला. जमीनदारानं कुळाकडून किती घ्यायचं याला मात्र आडकाठी राहिली नाही. तो आणणाऱ्या गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसची अपेक्षा होती की सारा वाढणार नाही म्हटल्यावर जमीनदार जमिनीत पैसा घालेल, जसा इंग्लंडातला जमीनमालक घालतो. कॅरीच्या पत्रकातही हीच अपेक्षा आहे: जमीनदाराला सभेत घ्या, त्याला नवं बी दाखवा, तो आपल्या कुळांपर्यंत नेईल.

पण जमीनदार कलकत्त्यात, जमीन खेड्यात, मध्ये पत्तनीदार, दरपत्तनीदार अशी एकाच्या खाली एक खंडानं जमीन घेणाऱ्या मध्यस्थांची उतरंड. खंड घेणारा प्रत्येक जण खालच्याकडून जास्त काढणार. अशा ठिकाणी कुळानं खत घातलं, बांध घातला, पीक दुप्पट काढलं तर पुढच्या हंगामात खंड वाढणार. मग ते कुळ अमेरिकन कापसाचं बी कशासाठी जोखीम घेऊन पेरेल? कलकत्त्याच्या आसपासच्या माळ्याचं वेगळं होतं. त्याचा वाफा लहान, बाजार तासाभराच्या वाटेवर, माल रोखीत जायचा आणि बक्षीस थेट त्याच्या हातात पडायचं. त्याला चांगल्या फ्लॉवरचा फायदा त्याच हंगामात दिसत होता. म्हणून तिथं बी टिकलं.

खंडवाढीला पहिला बऱ्यापैकी लगाम १८५९ च्या कायद्यानं घातला आणि नीट हक्क १८८५ च्या बंगाल कूळ कायद्यानं दिले. कॅरीचं पत्रक निघून तेव्हा पासष्ट वर्षं झाली होती.

---

तिसरा_घाट

हे पटलं. मूळ लेखात हाच भाग आधी आला असता तर मी तितक्या जोरात लिहिलं नसतं. कायमधारा आणि रयतवारी यांची तुलना करणारा वेगळा धागा काढा, आपल्याकडच्या विंगेट साहेबाच्या जमीन-सर्व्हेवर मी लिहीन.

---

खरीप_रब्बी

माझंही त्याला अनुमोदन. आणि आडरान, कुंभ्याच्या बियांबद्दल विचारायचं होतं. आमच्या इथल्या शाळेच्या आवारात देशी झाडं लावतोय. कुंभ्याचं बी कधी गोळा करावं?

---

आडरान

फळं पावसाच्या तोंडाशी पिकून पडतात, तेव्हा जमिनीवरची ताजी उचला. गर धुऊन बी लगेच पेरा, साठवून ठेवू नका, ते लवकर मरतं. पिशवी खोल घ्या, कारण मूळ सरळ खाली जातं. पहिली दोन वर्षं वाढ अगदी संथ असते, तेव्हा गुरांपासून राखा. त्यानंतर त्याला कुणाची गरज लागत नाही, वणव्यातसुद्धा जाड सालीमुळे तगतो.